ट्रिकसर

ट्रिकसर प्रश्न कधीही पूर्ण वाचत नसत. 'एक गाडी ताशी साठ किलोमीटर वेगाने' एवढं कानावर पडलं की त्यांचा खडू फळ्यावर धावायला लागे आणि आम्ही 'दुसरी गाडी'पर्यंत पोचायच्या आत उत्तराला चौकट पडलेली असे. चौकटीतलं उत्तर बरोबर असेच असं नाही. पण चौकट सुरेख असायची.

पनवेलला एस.टी. स्टँडच्या मागे, मिठाईच्या दुकानावर त्यांचा फिजिक्सचा क्लास होता. अकरावी-बारावीची निम्मी पोरं तिथे कोंबलेली असायची. सापेक्ष वेग हा आख्खा धडा ट्रिकसर एका वाक्यात संपवत. "समोरून आला की बेरीज, मागून आला की वजाबाकी. विषय खल्लास!" हे वाक्य ते आमच्याकडून कोरसमध्ये म्हणून घेत. मठातसुद्धा नामजप इतक्या भक्तिभावानं चालत नसेल, आणि अर्थाची विचारपूस दोन्हीकडे सारखीच.

हा मठ मोडायला निघाली ती माझी मैत्रीण रिबेका पेणकर. तिच्या ज्यू कुटुंबात पिढ्यान् पिढ्या मराठीच बोलली जायची, तरी सर तिला पहिल्या दिवशी म्हणाले, "मराठी समजतं ना तुला?" "समजतं सर," ती म्हणाली, "पण वजाबाकी का करायची ते नाही समजलं." वर्ग हसला. सर हसले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात तिनं विचारलं, "कळंबोलीच्या चौकातून एक ट्रक पुण्याकडे गेला आणि दुसरा काटकोनात वळून उरणकडे, तर पहिल्याच्या ड्रायव्हरला दुसरा कसा जाताना दिसेल? बेरीज की वजाबाकी?"

चिडले की सरांची शहरी भाषा गळून पडायची. "नाय, नाय! असला प्रश्न येत नाय परीक्षेला!"

ट्रकांना बिचाऱ्यांना हे माहीत नसावं. ते रोज त्या चौकातून तसेच जात होते.

मग नदी आली. सर नदी फार देखणी काढत. लाटा, काठावर माड, होडीवर झेंडासुद्धा. चित्रकलेचा क्लास काढला असता तर पनवेलचं भलं झालं असतं. नदीसाठी त्यांचा मंत्र वेगळा होता: "नदी दिसली की पायथागोरस." त्या दिवशी प्रश्न होता, होडी कमीत कमी वेळात पलीकडे न्यायची तर किती वेळ लागेल. सरांनी होडी प्रवाहाविरुद्ध तिरपी धरली, वर्गमूळ काढलं, चौकट मारली.

रिबेका उभी राहिली. "सर, तिरपी धरली तर होडी बरोब्बर समोर लागेल. पण प्रश्नात 'समोर' म्हटलेलं नाही, 'कमीत कमी वेळात' म्हटलंय. होडीचं तोंड सरळ पलीकडे ठेवलं तर ती थोडी वाहत जाईल, पण लवकर पोचेल."

सरांनी फळ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि दाराकडे बोट केलं. "तुला वाहतच जायचंय ना? जा मग. दार उघडं आहे."

ती दप्तर उचलून गेली आणि परत आली नाही. आमच्या घरी मात्र ट्रिकसरांचा शब्द म्हणजे वेदवाक्य, त्यामुळे माझी सुटका नव्हती. सकाळी मी कोरसमध्ये ओरडायची आणि संध्याकाळी रिबेकाच्या घरी शिकायची. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याकडे शब्बाथचा दिवा लागायचा, तेवढा दिवस सोडून. जेवणाच्या टेबलावर ती वर्तमानपत्र पसरायची. मी काडेपेटी कागदावरून आडवी सरकवायची आणि ती कागद एका बाजूला ओढायची. "कागदावर बसलेल्या मुंगीला काडेपेटी कशी जाताना दिसेल? आणि खुर्चीवर बसलेल्या तुला? आधी हे ठरव. गणित नंतर." मला पहिल्यांदा कळलं की वेग कुणाच्या तरी नजरेतून मोजावा लागतो.

परीक्षेत नेमकी तीच होडी आली. क्लासच्या पोरांनी इमानेइतबारे पायथागोरस लावला आणि इमानेइतबारे मार्क घालवले. "पेपर काढणाऱ्याला अक्कल नाही," ट्रिकसरांनी निकाल दिला.

रिबेकाला मात्र चांगल्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला, आणि आठवड्याभरात स्टँडसमोर फ्लेक्स लागला. मधोमध ट्रिकसर हात जोडून, आणि शेजारी 'आमची गुणवंत विद्यार्थिनी' म्हणून रिबेका! तिचे वडील न्हावा शेवा बंदरात कारकून होते, आवाज न चढवणारा माणूस. आम्हा दोघींना घेऊन ते क्लासवर गेले.

"काका, बसा, पेढा घ्या," सर म्हणाले. "मुलगी आमच्याच बाकावर बसली होती की नाही?"

"बसली होती," काका म्हणाले. "तुम्ही उठवलीत."

"अहो, ते प्रेमानं!"

"मग प्रेमानंच तो फोटो उतरवा."

फोटो उतरला नाही. 'विद्यार्थिनी'च्या अलीकडे 'माजी' अशी एक चिकटपट्टी तेवढी आली.

रिबेका नंतर आई-वडिलांसह इस्राएलला गेली. मी इथेच राहिले आणि ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवू लागले. परवा ट्रिकसरांच्या निवृत्तीचा सत्कार झाला. फिजिक्सवाली माजी विद्यार्थिनी म्हणून मला माईक दिला. मी म्हटलं, "सापेक्ष वेग मला रिबेका पेणकरनं शिकवला, तिच्या जेवणाच्या टेबलावर. सरांनी तिला वर्गाबाहेर काढलं होतं, म्हणून ते जमलं." टाळ्या वाजल्या नाहीत. मला चालण्यासारखं होतं.

चहाच्या वेळी सर स्वतःहून जवळ आले. शाल खांद्यावरून घसरत होती. रागावतील असं वाटलं, पण ते हळूच म्हणाले, "ती होडी... तोंड सरळ ठेवून लवकर कशी पोचते गं?"

मी कागदी प्लेट पुढे ओढली, तिच्यावर बिस्किटाचा तुकडा ठेवला आणि समजावलं. प्रवाह होडीला बाजूला नेतो, पण पलीकडे जायची तिची ओढ कमी करत नाही. तिरपी धरली की तीच ओढ थोडी प्रवाहाशी झगडण्यात जाते. सरांनी प्लेट स्वतः सरकवून पाहिली. पुन्हा पाहिली. आणि क्षणभर त्यांचा चेहरा असा उजळला की मला भरून आलं. असा चेहरा वर्गात एखादाच दिसतो, आणि त्याच्यासाठीच मी शिकवते.

"असं आहे होय!" ते म्हणाले. मग त्यांनी बिस्किट तोंडात टाकलं. "पण हे असं सांगत बसलो असतो तर सिलॅबस कधी संपला असता?"

आणि शाल सावरत ते फोटोला उभे राहायला गेले.