तोफगोळ्यातली तुळस

मयेकर काकांकडे पहिल्यांदा गेलो, तेव्हा दारात चपला काढता काढता मी तुळशीला नमस्कार केला. मग पाहिलं, तर ती तोफगोळ्याच्या पितळी पुंगळीत लावलेली. हात जोडलेले तसेच राहिले.

"सोड ते हात आता," काका आतून म्हणाले. "गोळा केव्हाच उडाला. ही नुसती पुंगळी. आत काही नाही, मग घाबरायचं कशाला?"

काका मूळचे मालवणचे. हयात जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली, आणि बंदरोबंदरीच्या जुन्या बाजारांतून त्यांनी महायुद्धातले निकामी हातबॉम्ब नि तोफगोळे जमवले. सिंगापुरात यिशुनच्या फ्लॅटमध्ये, टीव्हीशेजारी इतरांकडे काचेचे हंस असतात तिथे यांचे हातबॉम्ब. प्रत्येक तपासलेला, प्रत्येकाचे परवानगीचे कागद. कोणी आलं की काका एकेकाला टिचकी मारून ऐकवायचे, "बघ कसा वाजतो. रिकामा." मी आयटीत मॅनेजर आहे म्हटल्यावर माझ्याही डोक्यावर टिचकी मारून त्यांनी कान लावला होता. निकाल तोच लागला.

तुळशीची पुंगळी मात्र काकींनी संग्रहातून पळवलेली. "पेंदाला भोक आहे, पाणी साचत नाही," एवढंच त्यांचं म्हणणं. काकी गेल्यावर पाणी काका घालायचे, आणि घालताना तुळशीला सांगायचे, "आज जरा उशीर झाला हां."

गुडघे फारच कुरकुरायला लागले, तेव्हा मुलीने, शुभदाने, त्यांना मरीन परेडला आपल्या कॉन्डोतल्या फ्लॅटमध्ये राहायला बोलावलं. अट एकच. "बाबा, त्यातलं एकच काहीतरी आणा. आणि बघून कोणी पळेल असं नको." काकांनी तुळशीची पुंगळी ठेवली, बाकी संग्रह ओळखीच्या एका संग्राहकाला दिला, कागदांसकट. त्या गठ्ठ्यात पुंगळीचेही कागद गेले, कारण गठ्ठा मी बांधला होता.

पुंगळी पोचवण्याचं कामही मीच अंगावर घेतलं. एमआरटीच्या मेट्रोत माती सांडू नये म्हणून तुळस मुळांसकट उपटून काकांच्या हातात पिशवीत दिली, आणि पुंगळी धुऊन माझ्या पाठपिशवीत उभी केली, तोंड बाहेर काढून. गाडीत बायकोचा फोन आला. इथे कोणाला मराठी कळतंय, अशा थाटात मी खणखणीत आवाजात सांगितलं, "अगं, काकांचा बॉम्ब घेऊन चाललोय."

त्यातला एक शब्द अख्ख्या डब्याला कळला.

पुढच्या स्टेशनावर आम्हाला अत्यंत सभ्यपणे उतरवून घेतलं. तरुण पोलिसाने पुंगळीकडे लांबूनच बघत विचारलं, "अंकल, धिस वन बॉम्ब आह?"

"नो लाह," काका म्हणाले. "बॉम्ब फिनिश्ड. ओन्ली हाउस लेफ्ट." मग माझ्याकडे वळून, "मेल्या, तुळशीसकट आणली असतीस तर कोणी ढुंकून बघितलं नसतं."

पुंगळी तपासणीला गेली. कागद दाखवले तर परत मिळण्याची शक्यता, नाहीतर काही सांगता येत नाही, असं आम्हाला सांगण्यात आलं. काका बाकावर बसले. मांडीवर तुळशीची पिशवी घेऊन बाटलीतलं पाणी बोटांनी मुळांवर शिंपडत राहिले. मग म्हणाले, "तिने लावलेली आहे रे." मी उठून संग्राहकाला फोन लावला.

संग्राहकाकडून कागद आणले, मग जो भेटेल त्या साहेबाची माफी मागत फिरलो. तोवर तुळस शुभदाच्या बाल्कनीत आइस्क्रीमच्या डब्यात कशीबशी तग धरून होती. शेवटी पुंगळी आली, गळ्यात 'धोका नाही' अशा अर्थाची चिठ्ठी बांधून. काकांनी टिचकी मारली, कान लावला.

"रिकामी. तुझ्या डोक्यासारखी. चल, माती आण."

यंदा काका गेले. शुभदाने पुंगळी माझ्यापुढे ठेवली. "तुम्हीच न्या. बाबा म्हणायचे, त्याला एकदा तरी ती धड नेऊ दे."

टॅक्सीत मांडीवर घेऊन बसलो, तुळशीसकट. वाटेत बायकोचा फोन आला. "काय घेऊन येतोयस?"

"तुळस," म्हटलं.

फोन ठेवला आणि पुंगळीला हळूच टिचकी मारून पाहिली. वाजली नाही. आत माती होती.