बाभळीच्या काट्यावरचा कापूस

लोक देवाला भितात. मी त्या दिवसांत माझ्या पोटच्या लेकीला भीत होतो. सगुणा तेव्हा सात वर्षांची होती. आधी ताप आला, मग कंबर दुखते म्हणून रडली, आणि दोन-तीन दिवसांनी कपाळावर लाल पुरळ दिसलं. शेजारच्या म्हाताऱ्या बायका उंबऱ्यातून डोकावल्या, एकमेकींकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "देवी आल्या." तेव्हा आमच्या आळीत देवीची लस टोचणारे अजून आले नव्हते, आणि आले असते तरी आम्ही पोरांना लपवलंच असतं. देवी आल्या की पोर आपली राहत नाही. तिच्या रूपात माय घरात बसलेली असते. दारावर कडुलिंबाचे डहाळे लागले. माझी बायको आत जाताना आधी नमस्कार करी आणि विचारी, "माय, पानी घेता का?" सात वर्षांची पोर पाणी हवं म्हणून मान हलवी. मी दारातूनच मागे फिरे.

घरात फोडणी बंद झाली, तळण बंद झालं, भाकरी मागच्या अंगणात भाजली जाऊ लागली. मी दाढी करायची नाही, बायकोने केस विंचरायचे नाहीत. आणि धूर तर घरात नकोच, घरातल्या माणसाच्या तोंडालाही नको, कारण धुरानं मायचा दाह वाढतो. बाकीचं सगळं मी निमूट पाळलं असतं. पण हे शेवटचं नेमकं माझ्याच वाट्याला आलं. मिसरूड फुटलं तेव्हापासून मी चिलीम ओढत होतो. पहिल्याच दिवशी मी ती छापीत, म्हणजे ओढताना तिला लावायच्या फडक्यात, गुंडाळून पडवीच्या वळचणीत खोचली. फेकून मात्र दिली नाही. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, तेच खरं.

मी अमरावतीच्या बाजारात कापूस मोजायला होतो. ते दिवस कापसाला आलेल्या उधाणाचे. सातासमुद्रापार कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली होती, आणि तिथला कापूस विलायतेला जाईना म्हणून आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. लोकांनी गाद्या-उशा फाडून कापूस विकला आणि स्वतः कडब्यावर झोपले. अकोल्यापर्यंत आगगाडी आली होती, तिकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग सकाळपासून लागे. कापसाजवळ विस्तव नेला तर मुकादम कातडं सोलील, म्हणून आम्ही मापारी बाजाराच्या कडेला चिंचेखाली जमायचो. तिथे रहीमभाई नावाच्या गाडीवानाची चिलीम सगळ्यांत फिरायची. दोन मापांच्या मध्ये एक झुरका, असा आमचा दिवस जायचा.

चिलीम सोडल्यावर तोंडाला कोरड पडली, उगाच माणसांवर खेकसलो. तेवढं मी सोसलं असतं. मला भीती होती ती दुसरीच. हात आवरता येतो, मन कसं आवरायचं? देवी तर मनातलं जाणते. मी चिलीम ओढली नाही तरी मनात ती ओढतच होतो, आणि माझ्या मनातला तो धूर आत झोपलेल्या पोरीला लागतो आहे, असं मला पक्कं वाटू लागलं. चिलमीची आठवण यावी आणि त्याच वेळी आतून पोरीचं कण्हणं ऐकू यावं, असं एक-दोनदा झालं. मग मी ठरवलं की चिलीम मनात आणायचीच नाही. ठरवल्याबरोबर दुसरं काही मनात येईना. पाण्याच्या सुरईची मान पाहिली तरी मला चिलीम दिसे. आज हसू येतं, तेव्हा घाम फुटत असे.

त्यावर मी एकच उपाय काढला, तो म्हणजे घरात थांबायचंच नाही. मी दूर राहिलो तर माझं पाप दूर राहील. सकाळी निघायचं आणि दिवस मावळल्यावर यायचं, आलं तरी पडवीत पडायचं. बायकोने एकदा वाट अडवली. "अवो, मायनं तुमची आठवण काढली. येक डाव जवय येऊन बसा." मी तिच्याकडे न बघता म्हणालो, "बाजारात गाड्या उभ्या हायेत." ती कडुलिंबाची डहाळी घेऊन आत गेली आणि वारा घालत बसली.

एका दुपारी मला राहवेना. तंबाखूवाल्याच्या दुकानापाशी जाऊन नुसता वास घ्यावा, ओढायची नाही, अशी मी मनाची समजूत घातली. ती किती खरी होती हे सांगायला नको. बडनेऱ्याच्या वाटेनं निघालो. तिथे दोन्ही बाजूंना बाभळी होत्या. गाड्यांत कापूस इतका कोंबलेला असायचा की जाता-जाता बाभळीचे काटे त्यातला पुंजका-पुंजका ओढून घ्यायचे, आणि सगळी वाट पांढरी दिसायची. त्यांतल्या एका बाभळीला हातांनी चाचपत एक म्हातारी उभी होती. बोटांतून रक्त येत होतं. तिचा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला होता, एक डोळा पांढरा झालेला, दुसऱ्यातही उजेड कमीच असावा. मला पुढे पाऊल टाकवेना. तो चेहरा पाहून मला माझी सगुणा दिसली, पुढची, मोठी झालेली.

"कोन हाय रे? थांबला काहून?" तिनं विचारलं. "डोयानं दिसते ना तुले? मंग एवढा कापूस काढून दे बाप्पा. मले काटा आंदी सापडते, कापूस मंग."

कशाला हवा, असं मी विचारलं. "अंबामायच्या वातींले," ती म्हणाली. "लोकं सारा कापूस इकून राहिले. मायच्या देवयात चिंध्याच्या वाती जयते. बरं दिसते का?"

नाही म्हणायचं धाडस झालं नाही. मी काट्यांतून कापूस काढू लागलो. बाभळीचा काटा लांब आणि सरळ, लक्ष ढळलं की बोटात गेलाच. काटा बघायचा, पुंजका सोडवायचा, मग दुसरा काटा. तिच्या पदरात बऱ्यापैकी कापूस पडल्यावर मला जाणवलं की तंबाखूवाल्याचं दुकान मी मघापासून विसरलो होतो. मग सावलीत बसून तिनं मला सरकी काढायला लावली, कापूस पिंजून सरळ करायला आणि हातावर वळून वात करायला शिकवलं. आमच्याकडे हे बायकांचं काम. वाटेनं जाणारे गाडीवान हसले. पण तळहातावर तंबाखू मळायची सवय असलेल्या माझ्या बोटांना ते काम लगेच जमलं. निघताना तिनं उरलेला कापूस माझ्या हातात कोंबला. "ठेव. रिकामा हात वाईट."

त्यानंतर दुपारी बाजारातून सवड मिळाली की मी बाभळींकडे जाऊ लागलो. तलफ गेली, असं मी म्हणणार नाही. ती यायचीच. पण काट्यावर नजर लावून दोन-चार पुंजके सोडवेपर्यंत तिचा जोर ओसरायचा. मग पुन्हा यायची. एके दिवशी मी म्हातारीजवळ मन मोकळं केलं. पोरीला देवी आल्यात, मी चिलीम सोडली आहे, पण, "माय, मनात चिलीम येऊनच राहिली. देवी कोपली तं?"

म्हातारी इतकी हसली की मांडीवरच्या वाती खाली पडल्या. "अरे येड्या, देवीले काय तुया मनातल्या चिलमा मोजत बसाचं काम हाय? तिचं सारं ध्यान पोट्टीवर हाय. तुयं कुठं हाय?"

तिनं चाचपत वाती गोळा केल्या आणि जरा मऊ आवाजात म्हणाली, "तलफ आली तं येऊ दे. तिच्यासंगं भांडू नोको. हात कामाले लाव, डोये हाताकडे ठेव. जाते थे."

तिचं बोलणं मला पटलं, तरी घरी जाऊन पोरीजवळ बसायचं धैर्य काही झालं नाही. पटलेलं अंगात उतरायला वेळ लागतो. इकडे सगुणाच्या अंगावरचे फोड भरले. चेहरा सुजला, पापण्या मिटल्या त्या उघडेनात. मग एक दिवस असा उजाडला की शेजारची म्हातारी तिला पाहून बाहेर आली आणि माझ्याकडे न पाहता बायकोला म्हणाली, "आजचा दिवस निंगाला तं निंगाला."

मी घरातून पळालोच. थेट बाभळींकडे गेलो. काटे कापसानं पांढरे होते, पण म्हातारी नव्हती. हाका मारल्या, वाट पाहिली. पूर्वी कधी ती आली नाही असं झालं नव्हतं. आजच का नाही? भित्र्या माणसाला प्रत्येक गोष्टीत खूण दिसते. मला वाटलं, हिनं पाठ फिरवली म्हणजे मायनंच पाठ फिरवली. मुठीत कापूस धरून मी धावत बाजाराकडे आलो, चिंचेखाली. पाय मला कुठे नेत होते ते मला ठाऊक होतं. पोरीचं दुखणं रहीमभाईला ठाऊक होतं. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, हातातली चिलीम मातीत उलटी केली आणि विस्तवावर पाय दिला. "यहाँ मत ठहर, भाई," तो म्हणाला. "घर जा. बेटी के पास बैठ."

घरी आलो, पण आत नाही गेलो. पडवीत उभा राहिलो. हात आपोआप वर गेला, वळचणीत शिरला, आणि छापीतली चिलीम बोटांना लागली. आता काय राहिलंय, असं वाटलं. सगळं संपतच आलंय, मग एक झुरका ओढला काय आणि न ओढला काय. तेवढ्यात आतून आवाज आला. घोगरा, बारीक, पण सगुणाचा. माझी पावलं तिनं ओळखली असावीत.

"बाबा, तुमी मले भेऊन राहिले का?"

माझा हात खाली आला. इतक्या दिवसांत मी एकदाही तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. माझं सगळं ध्यान माझ्या तलफेवर, माझ्या पापावर, माझ्या भीतीवर होतं, आणि डोळे मिटलेली ती पोर अंधारात माझी चाहूल घेत पडली होती. मी आत गेलो, नमस्कार केला आणि बाजेशी बसलो. हातात कापूस होता, म्हणून वात वळू लागलो. तिनं चाचपून माझ्या बोटांवर हात ठेवला.

"हे काय हाय?"

"कापूस हाय, माय," मी म्हणालो.

"मले माय नोका म्हनू," ती म्हणाली. "सगी म्हना."

दारात उभ्या असलेल्या बायकोचा श्वास अडकलेला मी ऐकला. देवीला पोरीच्या नावानं हाक मारायची नाही, हे लहान लेकरालाही ठाऊक असतं. त्या एका शब्दाला मी जितका भ्यालो, तितका पुढे आयुष्यात कशालाही भ्यालो नाही. पण मला म्हातारीचं बोलणं आठवलं, तिचं सारं ध्यान पोट्टीवर हाय. मनात म्हणालो, माय, ही तुझीच आहे, ठेव नाहीतर ने, मला आता तुझ्याशी सौदा करायचा नाही. आणि म्हणालो, "सगी."

तिनं तळहात पुढे केला. मी त्यावर वात ठेवली. पोर वातीभोवती बोटं मिटून पडून राहिली. मी वाती वळत राहिलो. मध्ये तलफ आली असेल, गेलीही असेल, मला कळलं नाही. दिवस मावळला, पोरीचा श्वास चालूच होता. दुसऱ्या दिवशीही होता. मग फोड वाळू लागले, खपल्या धरल्या, आणि एका सकाळी तिचा एक डोळा किलकिला झाला, मागून दुसरा. तिनं आधी मला पाहिलं, मग बाजेखालचा वातींचा ढीग पाहून म्हणाली, "बाबा, एवढ्या?"

देवींना निरोप दिल्यावर त्या वाती घेऊन मी अंबामायच्या देवळात गेलो. म्हातारीची चौकशी केली. तशी कुणी बाई तिथे वाती देत नसे, असं पुजारी म्हणाला. रहीमभाई म्हणाला, वणांच्या तोंडाची एक म्हातारी त्या दिवशी भातकुलीकडच्या गाडीत बसताना त्यानं पाहिली होती. ती खुद्द माय होती की साधी बाई, यावर लोक माझ्याशी पुष्कळ वाद घालतात. मी घालत नाही. मला ज्या दिवशी तिची सगळ्यात जास्त गरज वाटली त्या दिवशी ती तिथे नव्हती, आणि नव्हती म्हणूनच मी घरी गेलो, एवढं मला पुरतं.

मनाला नको म्हटलं की ते तिथेच घुटमळतं. त्याला ज्याच्यावर जीव आहे त्याच्यापाशी नेऊन बसवावं, आणि बाकीचं मायच्या पदरात टाकावं. यापलीकडे मला काही कळलेलं नाही. ती चिलीम वळचणीतच राहिली. पुढे छप्पर शाकारताना खाली पडून फुटली, तेव्हा मला ती आठवली.

सगुणा आता अकोल्याला नांदते. चेहऱ्यावर वण आहेत, डोळे शाबूत आहेत. दर नवरात्रात मी आगगाडीनं तिच्याकडे जातो आणि वर्षभराच्या वातींची जुडी नेतो. तलफ आली की मी वात वळतो, हे तिला ठाऊक आहे. जुडीवरून मला किती त्रास झाला ते ती ओळखते आणि थट्टा करते. या वर्षी जुडी तिच्या मुठीत मावेना.

"अगो माय! बाबा, औंदा चिलीम लयच आठवली वाटते?"

"चिलीम नाही व," मी म्हणालो. "तू."

ती हसली नाही. त्यातली एक वात काढून तळहातावर ठेवली, बोटं मिटली, आणि तशीच मूठ घेऊन दिवा लावायला आत गेली.