स्कार्फच्या आतली गाणी

मुलगी सहा महिन्यांची झाली आणि मी पुन्हा पळायला लागायचं ठरवलं. लग्नाआधी नागपूरला मी कॉलेजकडून शर्यतीत धावायचे. सासरी हे सगळ्यांना माहीत होतं, पण माहेरच्या फोटोंसारखं, अल्बममध्येच ठेवायचं असं. नवरा कारखान्यात इंजिनिअर, आम्ही पिपलानीला, कारखान्याच्या वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये राहायचो. त्याने हसून आपला वॉकमन माझ्या हातात दिला, वर सिनेमातली उडती गाणी एका कॅसेटवर भरून आणली. सासूबाईंनी मात्र एक लोकरी स्कार्फ काढला आणि माझ्या कानांवरून घेऊन हनुवटीखाली गच्च बांधला. बाळंतिणीच्या कानात वारं जाता कामा नये, एवढीच त्यांची अट. हेडफोन स्कार्फच्या आत छान बसले, तेव्हा माझीही काही तक्रार नव्हती.

पहिल्या दिवशी गाण्याचं पहिलं कडवंही संपलं नाही आणि मला धाप लागली. मी थांबले तरी डिंकाच्या लाडवांवर पोसलेलं माझं पोट आणखी थोडा वेळ पळतच राहिलं. मग मी एक युक्ती काढली. कडव्याला पळायचं, मधल्या वाद्यांना चालायचं. एखाद्या संगीतकाराने मध्ये लांबलचक सतार घातली असली की मी त्याला मनातल्या मनात आशीर्वाद द्यायचे. कधी दोन गाण्यांच्या फटीत कुठल्यातरी क्वार्टरमधून तान्ह्या बाळाचं रडणं कानावर यायचं. बाळ परक्याचं, पण माझं ब्लाउज भिजायचं. मग नवऱ्याचा ढगळा शर्ट सावरत उलटं घरी पळायचं. माझा सगळ्यात जोरदार वेग तोच.

समोरच्या घरातल्या आंटी रोज सकाळी फाटकाशी दुधवाल्याची वाट बघत उभ्या असायच्या. त्यांचे ओठ हलताना दिसायचे. मी हात हलवून, तोंडभर हसून पुढे जायचे. एके दिवशी त्या दुपारी घरी आल्या आणि सासूबाईंजवळ अगदी हलक्या आवाजात बोलत बसल्या. आदल्या आठवड्यात सासूबाईंना ताप होता, तेव्हा आंटींनी माझ्याकडे त्यांच्या तब्येतीची चौकशी केली होती म्हणे, आणि मी खूश होऊन हात हलवला होता. बाळंतपणानंतर एखादीचे कान जातात, जुन्या शहरात त्यांच्या ओळखीचे एक वैद्य आहेत, वगैरे.

मी पोळ्या करत होते. सासूबाई पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या आणि जेमतेम ऐकू येईल असं पुटपुटल्या, "पोळी करपतेय."

मी वळून म्हणाले, "नाही आई, आत्ताच टाकलीय."

त्यांचा जीव भांड्यात पडला. आंटींनी काय सांगितलं ते त्यांनी मला सांगितलं, आणि मला इतकं हसू आलं की पोळी खरंच करपली. मग मी वॉकमन आणून हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले. त्यांनी डोळे मिटून एक अख्खं गाणं ऐकलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"या गाण्यावर तू इतकी हळू पळतेस?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या बाबागाडी घेऊन वसाहतीच्या मैदानावर यायला लागल्या. मी फेऱ्या मारायचे आणि त्या बाकावर बसून बोटांनी ताल धरायच्या, मी रेंगाळले की जरा जोरात. गाणी माझ्या कानात होती, तरी त्यांचा ताल बरोबर कसा असायचा कोण जाणे. आंटींना त्यांनी सगळं समजावलं होतं, पण आंटी मला दिसल्या की खबरदारी म्हणून ओरडूनच बोलायच्या, "बहू, ठीक हो?"

थंडी संपता संपता एका सकाळी मी कॅसेटची एक बाजू न थांबता पळाले. खट् आवाज होऊन गाणी बंद पडली तरी पाय थांबेनात. मी बाकाशी पोचले तेव्हा मुलगी गाडीत गाढ झोपली होती आणि सासूबाई आंटींना कैरीच्या लोणच्याची कृती सांगत होत्या. दोघींपैकी कुणीही माझ्याकडे पाहिलं नव्हतं. मी गवतात आडवी झाले आणि एकटीच हसत राहिले.