आत्याच्या पाठीवरचा धपाटा

आज नातवाचं बारसं. घुगऱ्यांचा वास दरवळला आणि माझ्या लेकीचं, मुक्ताचं बारसं आठवलं.

तान्ह्या मुक्ताच्या हृदयाला छिद्र आहे, ऑपरेशन लागेल, असं गावात सांगितलं होतं. बारसं राहूनच गेलं. मग आम्ही तिला अकोल्याला दाखवलं. तपासण्या पाहून डॉक्टरीणबाई हसल्या. "बारीक आहे, आपोआप बुजेल. नाव काय हिचं?"

"थांबा जी, पहिले तिच्या कानात तं सांगू द्या!" सोबत आलेली नणंद तिथंच वाकली. "कुर्रर्र... मुक्ता!" आत्याच्या पाठीत धपाटे घालायला बायका नव्हत्या. डॉक्टरीणबाईंनीच एक घातला.

आज मुक्ताच आत्या. ती पाळण्यावर वाकली. मी धपाट्यासाठी उचललेला हात तिच्या पाठीवर नुसताच ठेवला. हाताला ठोके लागत होते.

"मार नं वं आई!" ती ओरडली.