चाचणीपुरती सदस्य

कंपनीत त्यांना सगळे सहीवाले काका म्हणत. पोरं प्रोग्राम लिहून मोकळी व्हायची. तो गिऱ्हाइकाला समोर बसवून तपासून घ्यायचा आणि ‘चालतो, स्वीकारला’ अशा कागदावर सही आणायची, हे काम काकांच्या गळ्यात. तपासायचं म्हटलं की गिऱ्हाईक अंग चोरतं. “तुम्ही बघितलंय ना? मग झालं,” म्हणतं, आणि चार महिन्यांनी बोंब मारतं.

ग्रंथालयाच्या बाई मात्र अगदी दुसऱ्या टोकाच्या. चार आठवडे त्यांनी काकांना घाम फोडला. एकच पुस्तक दोघांना दिलं तर? तारीख उलटली तर? हे तपासायला खोटे सदस्य लागतात. पहिल्याच दिवशी काकांनी एक भरला. फोन नंबर सुचेना म्हणून स्वतःचा दिला, आणि नावाच्या जागी बायकोचं नाव टाइप केलं. ती जाऊन तीन वर्षं झाली होती, पण बोटांना ते कुठे ठाऊक होतं!

तेव्हापासून संध्याकाळी ते एकटे जेवायला बसले की फोन वाजायचा. तिच्या नावाने निरोप असायचा, ‘आपलं पुस्तक उद्या परत करायचं आहे.’ निरोप आपल्याच प्रोग्रामचा, हे काय काकांना कळत नव्हतं? तरी ताट बाजूला सारून ते दोनदा वाचायचे. त्या घरात तिचं नाव घेणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. म्हणून तिच्या नावावर ते रोज एक पुस्तक चढवू लागले.

शेवटच्या दिवशी बाईंनी पेन उघडलं आणि थांबल्या.

“काका, खोटे सदस्य काढल्याशिवाय मी सही करायची नाही. बाकीचे काढलेत. ही एकच राहिलीय. कोण ही?”

“कोणी नाही. चाचणीपुरती आहे.”

“मग काढू?”

काकांनी तपासणीची यादी पुढे ओढली. “काढा.”

बाईंनी बटण दाबलं. काकांच्या खिशात फोन वाजला. वर तिचं नाव, खाली एकच ओळ, ‘आपलं सदस्यत्व संपलं आहे.’

तपासणीच्या यादीत एक रकाना अजून कोरा होता: सदस्य काढल्यावर निरोप जातो का? चार आठवडे तेवढं एकच काकांनी तपासलं नव्हतं. गिऱ्हाइकासारखं त्यांनीही अंग चोरलं होतं.

“निरोप बरोबर आला,” ते म्हणाले. रकान्यात खूण केली आणि कागद सहीसाठी पुढे सरकवला.