शिकरणातली गोळी

दुपारी डोळा लागतोय न लागतोय एवढ्यात पायाशी कोणीतरी बसतं. पलंग जरासा खचतो. शेजारच्या खोलीत सुहासच्या येरझाऱ्या चालूच आहेत, म्हणजे हा माझा नवरा नव्हे. दोन आठवड्यांत तो धड झोपलेला नाही. वरच्या मजल्यावरचे लोक नळाच्या पाइपातून आपल्याबद्दल बोलतात, असं त्याचं म्हणणं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, तो त्यांना हात लावत नाही. म्हणून आज पहिल्यांदाच मी एक गोळी कागदात घेऊन लाटण्यानं चुरली आणि त्याच्या शिकरणात कालवून वाटी ओट्यावर झाकून ठेवली. साखर मुद्दाम जास्त घातली.

"काय गं सुनेत्रा, दमलीस व्हय?"

मालूआत्या. माझ्या वडिलांची बहीण. मी शाळेत असताना गेली. तिच्या अंगावर इस्पितळातला हिरवा गाऊन आहे आणि केस मात्र नीट विंचरून अंबाडा घातलेला. मला भीती वाटत नाही, लाज वाटते. का ते तिला ठाऊक असावं.

"उठ, तुझ्या कामावर जाऊ," ती म्हणते, आणि आम्ही मानसोपचार विभागाच्या बाकावर बसलेल्या असतो. मी इथेच नोकरी करते. झोपेच्या औषधांवर संशोधन चालू आहे, त्यासाठी घरोघरी जाऊन प्रश्न विचारायचे. औषध कोण देतं, कसं देतं, जेवणातून देता का. या शेवटच्या प्रश्नाला बायका आवाज खाली आणतात. "देतो बाई, पण त्यांना सांगू नका हं." मी मान डोलावते आणि पुढचा प्रश्न विचारते. आज त्या सगळ्या बायका बाकावर ओळीनं बसल्यात, प्रत्येकीच्या मांडीवर डबा. एकही डबा उघडलेला नाही. भिंतीला ओल आलीय, फरशीवरून पाणी वाहतंय.

"माझ्या आमटीत घालायची तुझी आई," आत्या म्हणते.

"तुला झोप यावी म्हणून, आत्या. तू रात्रभर ओरडायचीस."

"यायची की झोप. औषधाला कोण नावं ठेवतंय?"

पाणी घोट्यापर्यंत चढतं. बाक घाटाची पायरी झालाय. समोर नदी, पलीकडचा काठ दिसत नाही. आत्या ओंजळीनं पाणी घेते, चूळ भरते, थुंकते, पुन्हा घेते.

एक दिवस तिला आमटीच्या तळाशी पांढरा गाळ दिसला होता. त्यानंतर तिनं कोणाच्याच हातचं खाल्लं नाही. भात नाही, दूध नाही, देवळातला प्रसादही नाही. शेवटी सलाइन लावलं, तेही तिनं उपटून काढलं. आजाराचं नाव काहीही असो, ती गेली उपाशीपोटी.

"सांगितलं असतं तर घेतली असतीस का गोळी?" मी चिडून विचारते. मला खरंच राग आलाय. मेलेल्या माणसांना बोलायला काय जातं!

"न्हाई घेतली असती." ती हसते. "वहिनीशी भांडले असते, ताट भिरकावलं असतं. पण दुसऱ्या दिवशी जेवले असते की गं."

तिच्या हातात माझी वाटी आहे. ती बोटांनी शिकरण उचलते, माझी हनुवटी धरते आणि लहानपणी भरवायची तसा घास माझ्या तोंडात घालते. बोटं गार आहेत. मी गिळते.

जागी होते तेव्हा जीभ कडू झालेली असते. कडू म्हणजे जहर. सकाळच्या चहानंतर मी काही खाल्लेलं नाही. चुरलेल्या गोळीची भुकटी बोटांना राहिली असेल, झोपेत बोट तोंडात गेलं असेल, असं मी माझ्या संशोधक डोक्याला सांगते. बोटांना साबणाचा वास येतोय.

येरझाऱ्या थांबल्यात. मी स्वयंपाकघराकडे धावते. सुहास ओट्याशी उभा, चमचा तोंडाजवळ.

"थांब! त्यात झोपेची गोळी आहे."

तो चमचा वाटीत ठेवतो. माझ्याकडे बघत राहतो.

"आणि कालच्या ताकात?"

"काल नव्हती. शपथ. आजच घातली."

"परवाच्या खिचडीत?"

"नाही रे सुहास."

तो मान हलवतो, दारावर आलेल्या अनोळखी माणसापुढे हलवावी तशी. वाटी मोरीत उपडी करतो. पिंपातलं पाणीही ओतून देतो, नळाखाली ओंजळ धरून पितो आणि खोलीत जाऊन आतून कडी घालतो. मला रडू फुटतं. आपण त्याला वाचवलं की घालवलं, मला कळत नाही.

बऱ्याच वेळानं मी गोळ्यांचं पाकीट त्याच्या दाराशी ठेवते.

"गोळ्या इथं आहेत," मी मोठ्यानं म्हणते. "घे नाहीतर नको घेऊस. भाकरी तुझ्यासमोर करते."

मी परात बाहेरच्या खोलीत ओढते, पिठाचा डबा आणते, शेगडी जमिनीवर मांडते. पहिली भाकरी तव्यावर पडते तेव्हा कडी वाजते. सुहास पाकीट ओलांडून येतो, भिंतीला टेकून बसतो आणि माझ्या हातांवरची नजर काढत नाही. मी बाह्या कोपरापर्यंत वर करते, दोन्ही तळवे उघडून त्याला दाखवते आणि दुसरी भाकरी थापायला घेते.