चौथी बॅटरी

नोव्हेंबर २०११, रविवार. सकाळी भांडी आवरून मी इलेक्ट्रिक स्कूटर अंगणात घेतली आणि सीट उघडली. आठवडाभर ती रस्त्यातच दम सोडत होती. आमच्या तालुक्याच्या गोरेगावहून मी शिकवते ती शाळा नऊ किलोमीटर. निघताना चार्जिंग पूर्ण दिसायचं, पण कालव्याच्या चढावर मूठ पिळली की काटा खाली आणि गाडी ठप्प.

नवरा म्हणत होता, "तुले चालवताच येत नाई. विकून टाक ना. मी सोडून देत जाईन."

स्कूटर घेण्याआधी बारा वर्षं तोच सोडत होता. त्याचा चहा झाला की माझी शाळा भरायची. म्हणून पुन्हा त्याच्या मागे बसायचं नव्हतं.

फ्यूज शाबूत होता. ब्रेकचा स्विच अडकून मोटर बंद पडते, म्हणून तोही पाहिला, जोडण्या घासल्या. नवरा शेजारी उभा राहून पाने-पक्कड देत होता. चारही बॅटऱ्या मीटरवर साडेबारा व्होल्टच्या वर. पण गाडी उभी असताना काय कळणार? मी पुढचं चाक भिंतीला टेकवलं आणि त्याला म्हटलं, "पिळा मूठ."

त्यानं जराशी पिळली.

"जोरानं पिळा, चढावर पिळतो तशी."

मोटर घुमली. तीन बॅटऱ्या बाराच्या आसपास राहिल्या. चौथी आठवर आली. एक बसली की बाकीच्या तिघींचं काही चालत नाही. ती बाहेर काढली. नवीन आणल्या तेव्हा मी चारींवर लाल नेलपॉलिशनं तारीख लिहिली होती. हिच्यावर काहीच नव्हतं.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो पाना पुसत होता.

"मंडईच्या दंडारीत माइकची बॅटरी बसली होती," तो म्हणाला. "लाइन त नव्हतीच. मंडळाचे लोक मागे लागले, म्हणून बदलून देली."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं त तू देली असती का?"

"नसती देली."

"मंग?"

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतला तो दंडारीचा खेळ होऊन आठ दिवस झाले होते. त्या आठ दिवसांत मी तीनदा भर उन्हात स्कूटर ढकलत आणली. तिन्ही वेळा त्यानं मला पाणी दिलं आणि मूठ कशी पिळायची ते समजावलं. आजही तासभर पाने देत उभा होता; मी घासत होते त्या जोडण्यांत काही बिघाड नाही हे त्याला माहीत होतं.

मी सीट बंद केली आणि आत गेले. भाजी फोडणीला टाकायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बसकी बॅटरी पिशवीत घालून माइक ठेवणाऱ्याच्या घरी गेले, तारीख लिहिलेली माझी बॅटरी मागून आणली आणि स्वतः बसवली. रिकामी झाली होती, म्हणून स्कूटर चार्जिंगला लावली. त्यानं सीट उघडली होती ती खिळ्यावरची स्कूटरची दुसरी किल्ली पर्समध्ये टाकली. नवऱ्यानं मोटारसायकल दारात आणून चालू ठेवली होती. मी तिच्या बाजूनं चालत स्टँडवर गेले आणि एसटी पकडली.